सभेच्या अध्यायाचा अर्थ

वाडी (तिसगावजवळ), ता. पाथर्डी
२१ जुलै २०२३

चि. सौ. स्नेहल हिस सहादेव तात्याचे अनेक आशीर्वाद.

तुला फोन लावून लावून आमच्या मंडळीचं, तुझ्या जिजीचं, बोट दुखाया लागलं. 'बंद आहे' म्हनती ती फोनमधली बाई. तिला तरी किती छळायचं, म्हनून कागद घेतला. पाकीट मागाया पोस्टात गेलो तर तिथला मानूस माझ्याकडं आसा बघाया लागला की मी तार कराया आलोय.

गावात आमी सांगितलंय की औंदा अधिक महिना हाय, सूनबाई माहेरी श्रीरामपूरला गेलीया, धोंड्याच्या जेवनाला जावई बी जानार. लोक 'व्हय व्हय' म्हनत्यात. पर लोक काय दूधखुळे न्हाईत. सरपंचबाई ऐन राजीनाम्याच्या टायमाला माहेरी गेली, येवढं समजाया शाळा शिकावी लागत न्हाई.

प्रशांतचं काय सांगू? सकाळी धारा काढतो, डेरीला दूध घालून येतो आन दिवसभर ओट्यावर बसून ऱ्हातो. काल जिजीनं मुद्दाम जाळ ठेचा केला, म्हनली निदान शिव्या तरी दील. हूं का चूं न्हाई. माझ्या भावाचं पोरगं, अंगाखांद्यावर वाढलेलं. बघवत न्हाई गं.

पोरी, खुर्ची म्हंजी चार दिवसांचा पाहुनचार. अडीच वर्सं तू कारभार केला, चांगला केला, मी कशाला न्हाई म्हनू? आता ऱ्हायलेली अडीच वर्सं दुसऱ्या गटाच्या वाल्मिकच्या बायकोची, भागिरथीची. नऊ मेंबरांत आपले चार, वाल्मिकचे तीन. दोन्ही एक झाले म्हनून तू सरपंच झालीस. तवाच खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून ठरलं हुतं. पंधरा आगस्टच्या आत राजीनामा द्यायचा. प्रशांतनं शब्द दिलाय, आन त्याचा शब्द म्हंजी काय हे तुला सांगाया नगो. आख्खं गाव त्याला धर्मराज म्हनतं.

देवळात पांडवांची पोथी लागलीया. नेहमीपरमानं गोरक्ष वाचतो आन मी अर्थ सांगतो. धर्मराजाचं नाव निघालं की डोळ्यापुढं आपलंच पोरगं येतंय. त्याला चार मानसांत खाली बघाया लावू नगंस. सही कर आन घरी ये.

तुझा,
तात्या


श्रीरामपूर
२६ जुलै २०२३

ती. तात्यांना स्नेहलचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. जिजींना सांगा, बोटाला तेल लावा. फोन मी मुद्दामच बंद ठेवलाय. फोनवर रडू येतं, आणि एकदा रडायला लागले की मी कशालाही हो म्हणते. कागदावर तसं होत नाही.

मी खुर्चीसाठी रुसले असं तुम्हाला वाटलं, त्याचंच जास्त वाईट वाटलं. काय झालं ते नीट ऐका. मी भाकरी थापत होते. हे आले आणि एक कागद पुढं धरून म्हणाले, "हिथं सही कर." मी म्हटलं, कशावर? तर म्हणे राजीनामा. टाईप करून आणलेला. खाली माझं नाव, वर 'वैयक्तिक कारणास्तव'. मी विचारलं, अहो, माझं वैयक्तिक कारण काय आहे ते मला तरी सांगा! तर म्हणाले, "ते अडीच वर्षांपूर्वीच ठरलंय." तात्या, अडीच वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवला. एकदाही बोलला नाही.

पहिले सहा महिने हे सांगतील तिथं मी सही केली, ते मान्य. मग मला काम कळायला लागलं, आवडायला लागलं. बौद्धवस्तीची पाण्याची लाईन निम्मी खोदून पडलीय. तिथल्या राहीबाईंना मी सांगितलंय, 'आजी, माझ्या मुदतीत तुमच्या दारात नळ येईल.' मग तो माझा शब्द नाही का? की शब्द फक्त देवळात बसून पुरुषांनीच द्यायचा असतो?

आणि भंडाऱ्याचं ताट कोणाच्या हातात होतं ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. ह्यांनी भांडताना सांगितलं. "तात्यांनीच धरलं होतं, विचार त्यांना." गोष्टीतल्या सहदेवाला म्हणे सगळं माहीत असायचं, पण विचारल्याशिवाय तो तोंड उघडायचा नाही. तुमचं नाव अगदी बघून ठेवलंय.

म्हणून विचारते. द्रौपदीला सभेत बोलावणं आलं तेव्हा तिनं निरोप्याला माघारी पाठवलं. म्हणाली, जा, त्यांना विचारून ये, आधी स्वतःला हरलात की आधी मला? त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. भीष्मासारखा भीष्म मान खाली घालून बसला. लग्न होऊन मला नऊ वर्षं झाली, आपल्या देवळात तो अध्याय मी एकदाही ऐकला नाही, कारण त्या दिवशी बायांनी यायचं नसतं. तुम्ही चाळीस वर्षं अर्थ सांगताय. त्या अध्यायाचा अर्थ काय, तेवढं कळवा.

आपली,
स्नेहल


वाडी
३१ जुलै २०२३

चि. सौ. स्नेहल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र जिजी म्हनली मोठ्यानं वाचा. मी मधलं मधलं गाळून वाचलं. ती म्हनली, "येवढी शानी पोरगी आन पत्र असं तुटक कसं लिहिलं?" आन हातातनं कागद वढून घेतला. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाई. च्या ठिवती आन तोंड फिरवून जाती. म्हंजी घरात आता प्रशांत बोलत न्हाई, जिजी बोलत न्हाई, आन मी गाईंशी बोलतो.

व्हय, ताट मी धरलं हुतं. तू मला भीष्माच्या रांगेत बसवलंस, लई लागलं. पर तूच सांग, पंधरा-वीस मानसं देवळात जमलेली, फटाक्याची माळ आनलेली, गुलाल फोडलेला. तितं कोन म्हननार की थांबा रं, जरा घरी जाऊन पोरीला इचारून या? हसले आसते मला. मी लिहिलं न्हाई ते लाज वाटली म्हनून, दुसरं काय?

आता अध्यायाचं. बाई, त्या दिवशी गोरक्ष पोथी वाचतो, पर मी अर्थ सांगत न्हाई. मला ज्यांनी शिकवलं त्यांनीच सांगून ठिवलंय की सभेचा अध्याय नुसता वाचून पुढं जायचं, फोड करायची न्हाई. फोड केली की घराघरात भांडनं लागत्यात. त्यांनी केली न्हाई, मी बी कधी केली न्हाई. तवा मला काय इचारतीस? जे कधी सांगितलंच न्हाई त्याचा अर्थ मला कुठनं ठावं आसनार?

पर पुढचं मला तोंडपाठ हाय. वनात गेल्यावर द्रौपदी धर्मराजाला लई बोलली. राज्य गेलं, लाज गेली, तुमाला राग कसा येत न्हाई? भीम बी बोलला. पर धर्मराजानं तिला क्षमा केली. आन शेवटाला बघ, सोर्गाच्या दारात एका कुत्र्यासाठी अडून बसला, त्याला सोडून आत जाईना. एक डाव चुकला म्हनून येवढा मानूस वाईट ठरतो का? तू बी मोठ्या मनाची हो. प्रशांतला क्षमा मागाया येत न्हाई, त्यो लहानपनापासनंच तसा. चुकला की गप बसतो.

सभेचा अध्याय पुढल्या बुधवारी, नऊ तारखेला येतोय. नेहमीसारखा वाचून पुढं जाऊ.

तुझा,
तात्या


श्रीरामपूर
४ ऑगस्ट २०२३

ती. तात्यांना नमस्कार.

धर्मराजानं द्रौपदीला क्षमा केली? अहो तात्या, अपराध कोणाचा होता?

पत्र वाचून मी इतकी हसले की आई धावत बाहेर आली. मग मात्र दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं. तुम्ही सांगता त्याच गोष्टीत दुसरं काहीतरी आहे असं मला वाटायला लागलंय. चुकत असेन तर कान धरा.

सभेत त्यानं तिचं एक वाक्य ऐकलं नाही. वनात तिचं सगळं ऐकलं. ती म्हणाली तुमचा धर्म घेऊन काय करू, ते ऐकलं. भीम वाट्टेल ते बोलला, तेही ऐकलं. उठून गेला नाही, गप्प बस म्हणाला नाही. राजा असताना ज्याच्यापुढं कोणाची मान वर होत नव्हती, तो झाडाखाली बसून बायकोच्या शिव्या खातोय, आणि त्यातल्या खऱ्या कोणत्या ते शोधतोय. मला वाटतं कुत्र्यासाठी अडून बसणारा माणूस तिथं तयार झाला. स्वर्गाच्या दारात एकदम कोणी मोठं होत नसतं. आणि तो पहिल्यापासून चांगलाच असता तर त्याची एवढी मोठी गोष्ट सांगायला कशाला लागली असती?

तुम्हाला वाटतं मी ह्यांच्यावर तुटून पडलेय. तसं नाही हो. ह्यांचा शब्द पक्का म्हणूनच तर माझ्या वडिलांनी मला त्या घरात दिली. लग्न ठरल्यावर दुसऱ्या एका घरानं खूप आमिष दाखवलं होतं ह्यांना. हे हलले नाहीत. तेव्हा मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू! तोच पक्का शब्द आता माझ्या मानेवर आला. गुण तोच आहे, म्हणून तर कोणावर चिडावं ते कळत नाही. इथं रात्री झोप येत नाही आणि दिवसा कशात लक्ष लागत नाही.

माझं एकच मागणं आहे. बुधवारी बायांना घरी पाठवू नका, आणि अर्थ सांगा. भांडणं लागतील म्हणता, तर लागू द्या. माझ्या घरात अर्थ न सांगताच लागलंय. नाही जमलं तर नाही म्हणून कळवा, मी समजून घेईन. पण मग मला परत धर्मराजाची गोष्ट सांगून सही मागू नका.

आपली,
स्नेहल


वाडी
११ ऑगस्ट २०२३

चि. सौ. स्नेहल हिस आशीर्वाद.

अर्थ सांगितला. आता काय व्हायचं ते होऊ दे.

तुझं पत्र मंगळवारी आलं. ह्या खेपेला जिजीलाच वाचाया दिलं. तिनं पदर खोचला आन घरोघर सांगत फिरली, "उद्याच्या पोथीला या गं समद्या, औंदा अर्थ हाय." तितनं मला माघार उरली न्हाई.

बुधवारी दिवेलागनीला देऊळ भरलं. बाया एका अंगाला दाटीवाटीनं बसल्या. म्हातारी मानसं कुजबुजली, एक-दोघं उठून गेली. प्रशांत खांबाला टेकून मागं बसला हुता. वाल्मिक पुढं. गोरक्षनं वाचाया सुरवात केली. द्रौपदीचा प्रश्न आला तशी त्याची नजर माझ्याकडं. दरसाल तितं मी 'पुढं चला' म्हनतो. मी म्हनलो, थांब.

मला भाषान सुचलं न्हाई गं. जे सुचलं ते बोललो. म्हनलो, "बायांनो, बाप्यांनो, धर्मराज लबाड न्हवता. लबाडानं बायको डावाला लावली आसती तर चार शिव्या देऊन आपन मोकळं झालो आसतो. पर ह्यो खरा मानूस. दिला शब्द मोडायचा न्हाई म्हनून बसला, आन जे आपलं न्हवतं ते बी देऊन टाकलं. त्याला वाटलं ह्योच धर्म. तिनं इचारलं, माझ्यावर तुमचा शब्द चालतो तरी का? तर भरली सभा गप. त्या सभेत दुष्ट चार-दोनच हुते. बाकीचे सगळे तुमच्या-माझ्यासारखे भले, आन तेच गप बसले." येवढं बोललो आन म्हनलो, "आपल्या खंडोबाच्या देवळात बी एकदा आशीच सभा बसली हुती, आन ताट माझ्या हातात हुतं." मग खाली बसलो.

आन मग बायांच्या अंगानं आवाज आला. भागिरथी! वाल्मिकची भागिरथी, जिनं आजवर सासऱ्यापुढं डोईवरला पदर ढळू दिला न्हाई. म्हनली, "तात्या, स्नेहलला इचारलं न्हाई हे खरं. पर मला तरी कोनी इचारलं? मला सरपंच व्हायचं का न्हाई, आं?"

वाल्मिक म्हनला, "आगं गप बस." ती म्हनली, "पोथी चाललीया, तुमी गप बसा." बाया आशा हसल्या की काय सांगू. मग तिनं हसू संपू दिलं आन म्हनली, "मला व्हायचंय. लई दिसांपासनं व्हायचंय. पर आसं कुनाच्या घरचं वढून आनल्यालं नगं. फुडल्या निवडनुकीला मी सवता उभी ऱ्हानार, स्नेहलच्या इरोधात, आन तिला पाडनार. सांगा तिला."

सांगितलं. तयारीला लाग.

आता वाईट सांगतो. त्या हसन्यातच प्रशांत उठला आन बाहेर गेला. पायात वहाना बी घातल्या न्हाईत, देवळाच्या दारातच ऱ्हायल्या. मी मागनं हाक मारली, वळला न्हाई. काल सकाळी धारा काढून कुठंतरी गेला, मला सांगितलं न्हाई. आज दिवसभर माझ्याकडं बघितलं न्हाई. भर देवळात मी त्याचं नाव काढलं न्हाई, पर कुनाला कळायचं ऱ्हायलं? बाप गेल्यापासनं त्याला मी वाढवला. पोरी, तू मागितलंस म्हनून नव्हं, मला पटलं म्हनून सांगितलं. पर त्यो माझ्यापासनं गेला तर ह्या वयात मी काय करू, हे काय पोथीत लिहिल्यालं न्हाई.

जिजी बोलाया लागली, तेवढंच.

तुझा,
तात्या


वाडी
१६ ऑगस्ट २०२३

स्नेहल,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. तात्यांनी पाकीट दिलं, म्हणून बसलोय.

तात्यांना वाटलं मी रागावून गेलो. तसं नव्हतं. थांबलो असतो तर सगळ्यांपुढं रडलो असतो. विहिरीवर जाऊन बसलो. तात्या 'ताट माझ्या हातात होतं' म्हणाले, ते मला टोचलं. ताट त्यांच्या हातात असेल, पण भंडारा मी उचलला होता. म्हातारा माझ्या वाटणीचं बोलला आणि मी खांबाला टेकून बसलो.

दुसऱ्या दिवशी वाल्मिककडं गेलो. सांगितलं, राजीनामा मी देऊ शकत नाही, तो माझा नाहीच. तो लई बोलला. शब्द फिरवणारा, बायकोच्या ताटाखालचं मांजर, काय काय. मी ऐकून घेतलं. खोटं काय होतं त्यात? शब्द तर फिरवलाच मी. भागिरथी वहिनींनी मधेच चहा आणून ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "झालं का वरडून? प्या आता."

दोन दिवसांनी खंडोबाला गेलो. तात्यांना बोलवून नेलं. भंडारा वाहिला आणि मोठ्यानं म्हणालो, देवा, जे माझं नव्हतं त्याचा शब्द मी तुला दिला, त्याचं जे काय पाप असेल ते माझ्या एकट्याच्या माथी. तात्या लहान पोरासारखे रडले. मग आम्ही दोघं बराच वेळ पायरीवर बसलो.

काल झेंड्याला सगळे म्हणाले, सरपंचबाई नाहीत तर तू दोरी ओढ, तू आणि त्या एकच की. आधी मी ओढली असती. मी म्हणालो उपसरपंचाला बोलवा. एक जण मागून म्हणाला, "काय धर्मराज, आता धर्म बदलला का?" लोक हसले. पहिल्यांदाच असं कोणी हसलं माझ्यावर. झोंबलं, खोटं कशाला सांगू. अजून झोंबतंय.

माफी मागायला लिहीत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. टाईप केलेला कागद मी फाडला. एकच विचारायचंय. अडीच वर्षांपूर्वी विचारायचं होतं, ते आत्ता विचारतो. तुला राजीनामा द्यायचा आहे का? हो म्हण, नाही म्हण, माझं काही म्हणणं नाही. आणि घरी यायचं आहे का, हेही विचारतो.

प्रशांत


श्रीरामपूर
१९ ऑगस्ट २०२३

अहो,

पत्र लिहिता येत नाही म्हणता, आणि मला तीनदा वाचायला लावलंत. आईनं विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं नाही.

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. नाही, मला राजीनामा द्यायचा नाही. घरी यायचं आहे. सोमवारी दुपारपर्यंत तिसगावला उतरेन.

तुम्हाला कोणी हसावं म्हणून मी घर सोडलं नव्हतं. हसू द्या, दमतील. पण मी आल्यावर सगळं विसरून जाऊ असं समजू नका. मनात बरंच साठलंय, ते सगळं बोलणार आहे. मधे उठून विहिरीवर जायचं नाही.

तात्यांना सांगा, भागिरथी वहिनींना माझा नमस्कार कळवा, आणि म्हणावं, पाडून दाखवा.

आता एक शेवटचं. लिहू की नको, काल संध्याकाळपासून विचार करतेय. त्या दिवशी भंडारा उचलायला जायच्या आधी पाच मिनिटं घरात येऊन तुम्ही म्हणाला असतात, 'स्नेहल, निम्मी मुदत त्यांच्या भागिरथीला द्यायची म्हणतात, चालेल का गं?' तर मी हो म्हणाले असते. अगदी आनंदानं. मला तेव्हा सरपंच व्हायची भीतीच वाटत होती. तुमचा शब्दही राहिला असता, आणि आज राजीनाम्यावर मी स्वतःच्या हातानं सही केली असती.

स्नेहल